जुन्या जॅग्वार एक्सके 120 ची वंशावळ कशी तपासावी

जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार चाळतो. जुनी जॅग्वार एक्सके 120 घेतानाही तेच करायचं, फक्त इथे सगळे फेरफार एका कचेरीत मिळत नाहीत. 1948 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ही दोन आसनी, उघडी गाडी मांडली तेव्हा जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांच्या डोक्यात थोड्याच गाड्या काढायचं होतं. मागणी अशी आली की 1954 पर्यंत बारा हजारांवर निघाल्या. युद्धानं खंक झालेल्या ब्रिटनला डॉलर हवे होते, त्यामुळे बहुतेक गाड्या बोटीत चढून अमेरिकेला गेल्या. आज इंग्लंडमध्ये विकायला उभी असलेली गाडी अर्धं आयुष्य कॅलिफोर्नियात काढून परतलेली असू शकते.

कागद नंतर, आधी गाडी. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यावर एक पाटी असते. तिच्यावरचे चासी (म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर उतरवून घ्या, फोटोही काढा. उघड्या गाडीचा चासी नंबर 66 ने सुरू झाला तर ती उजव्या स्टिअरिंगची निघाली होती, 67 ने झाला तर डाव्या. नंबर 67 चा आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे बदल नंतर झालाय. यात गैर काही नाही, पण ते विक्रेत्यानं आपणहून सांगायला हवं होतं. पाटी कुणीही काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतो. म्हणून चासीच्या लोखंडावर ठोकलेला नंबरही शोधा आणि पाटीशी ताडून बघा. तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा आकडे वाकडेतिकडे वाटले, तर मी तरी पुढे जाणार नाही.

लोहचुंबक खिशात ठेवा. पहिल्या सुमारे 240 गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमची होती, 1950 पासून पोलादाची झाली. अॅल्युमिनियमची म्हणून भाव कितीतरी चढतो. पण चुंबक दारावर किंवा बोनेटवर लावून फसू नका, ते भाग पोलादी गाड्यांतही अॅल्युमिनियमचेच आहेत. मडगार्डवर लावा.

मग जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचा दाखला. विक्रेत्याकडे नसेल तर त्याला काढायला लावा. कारखान्याच्या नोंदवहीतून तो तयार होतो: गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, नंबर कोणते, कुठल्या डीलरकडे रवाना झाली. चासी 670003 ही हॉलीवूडचा नट क्लार्क गेबलला मिळाली हे आपल्याला माहीत आहे, ते अशा नोंदी टिकल्या म्हणूनच. मात्र दाखला कारखान्यातून काय बाहेर पडलं एवढंच सांगतो. समोर उभी आहे ती तीच गाडी, हे तुम्हीच उतरवलेल्या नंबरांवरून ठरवायचं.

ब्रिटिश नंबरप्लेट वाचायला शिका, मजा येते. जुन्या तीन अक्षरांतली शेवटची दोन गाव सांगतात. इयन अॅपलयार्ड यांनी आल्प्समधल्या रॅली गाजवल्या त्या गाडीचा नंबर एनयूबी 120. यूबी म्हणजे लीड्स. पण परदेशातून परतलेल्या गाडीला तिच्या वयाला शोभेल असा न वापरलेला जुना नंबर मिळतो, आणि त्यात एसव्ही हे किनरॉस-शायरचं अक्षर बऱ्याचदा दिसतं. तेव्हा एसव्ही दिसलं म्हणून गाडी स्कॉटलंडमध्ये वाढली असं समजू नका.

आता मालक. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ब्रिटनमधलं आजचं नोंदणीपत्र, व्ही5सी, नोंदणीकृत धारकाचं नाव सांगतं, मालकी सिद्ध करत नाही. सातबाऱ्याचंही तसंच आहे, हे जमिनीच्या कज्ज्यात पोळलेल्यांना सांगायला नको. पैसे देण्याआधी खरेदीची पावती आणि गाडीवर कर्ज नसल्याची खात्री, दोन्ही वेगळ्यानं घ्या.

जुनं घडीचं लॉगबुक, म्हणजे पूर्वीचं नोंदणीपुस्तक, हाती लागलं तर सोनं! त्यात एकामागून एक धारकांची नावं, तारखा आणि तेव्हा नोंदणी करणाऱ्या स्थानिक कौन्सिलचे शिक्के असतात. 1974 पासून नोंदणी वेल्समधल्या स्वान्सीच्या केंद्रीय वाहन-नोंदणी कचेरीतल्या संगणकाकडे गेली. 1983 पर्यंत तिथे न पोचलेल्या गाड्यांचे नंबर बाद झाले, आणि कौन्सिलच्या कित्येक वह्या रद्दीत गेल्या. वाचलेल्या काही स्थानिक अभिलेखागारांत बघायला मिळतात. स्वान्सीतली जुनी नोंद व्ही888 अर्जानं मागता येते, मात्र सबळ कारण द्यावं लागतं. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीचे जुने कागदही टाकाऊ समजू नका, त्यांवर त्या त्या वर्षीचं मायलेज असतं. अमेरिकेतल्या वर्षांसाठी तिथल्या राज्याचं टायटल (मालकीचा कागद), गॅरेजची बिलं आणि बोटीचे कागद मागा.

हे सगळं एका मोठ्या कागदावर वर्षवार मांडा. एका बाजूला वर्ष, समोर धारक, मायलेज, रंग, इंजिन नंबर. मोकळी राहिलेली वर्षं विक्रेत्यासमोर ठेवा. ‘तेव्हा ती शेडमध्ये पडून होती’ असं उत्तर आलं, तर त्या शेडमधला एक फोटो मागा.