अँगलसीला ऑर्किड बघायला निघताय? आधी बूट घासा

सप्टेंबर लागला की मेलबर्नच्या मराठी मंडळींत ‘यंदा रानफुलं बघायला जायचंच’ सुरू होतं. ही यादी त्यातल्या अँगलसी हीथपुरती. मेलबर्नहून गाडीने साधारण दीड तास, आणि एवढ्याशा माळावर ऑर्किडच्या ८० हून अधिक जाती.

पाणी, टोपी, सनस्क्रीन, डबा हे काही सांगायला नको.

बूट. आदल्या रात्री घासा, सकाळच्या घाईत नाही. गेल्या खेपेला मी आधीच्या ट्रेकचा चिखल तसाच घेऊन गेलो. वाटेच्या तोंडाशी एका आजींनी माझ्या बुटांकडे बघून सरळ थांबवलं. बाकीचे पुढे गेले आणि मी गाडीच्या किल्लीने तळव्याच्या खाचा कोरत बसलो. आजींचं बरोबर होतं. फायटॉफ्थोरा सिनामोमी नावाचा बुरशीसारखा जीव ओल्या मातीतून पसरतो आणि झाडांची मुळं कुजवतो. ग्रास ट्री, म्हणजे गवतासारख्या लांब पात्यांचं झाड, त्याला पटकन बळी पडते: पाती पिवळी-तपकिरी होतात, मग सगळा झुबका खाली बसतो. एकदा जमिनीत शिरला की त्याला हाकलायचा उपाय नाही. फॉस्फाइट या रसायनाची फवारणी करतात, पण त्याने तो फक्त मंदावतो. तुमच्या बुटाच्या खाचेतली चिमूटभर ओली माती त्याला पुरते.

म्हणून आधी कोरड्या ब्रशने चिखल पूर्ण काढा. खाचांसाठी जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. मग सात भाग मेथिलेटेड स्पिरिट आणि तीन भाग पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून तळवे भिजवा. चिखलावरूनच फवारलंत तर काही उपयोग नाही, औषध आत पोहोचतच नाही. स्पिरिट पेट घेतं, तापलेल्या गाडीत बाटली टाकून जाऊ नका. काही वाटांवर ब्रश आणि फवारा ठेवलेला असतो, पण तिथली बाटली रिकामी नसेल याची खात्री कोण देणार? स्वतःची न्या. ट्रायपॉडचे पाय, चालायच्या काठीचं टोक, मुलांच्या ढकलगाडीची चाकं, हे सगळं ‘बूट’ मध्येच धरा. मुलांचे बूटसुद्धा. विशेषतः मुलांचे, डबकं दिसलं की ती त्यातूनच जातात.

दिवस निवडताना आकाश बघा. थेलिमिट्रा, म्हणजे सन ऑर्किड, ढगाळ किंवा गार दिवशी कळ्या मिटूनच बसतात. ऊन हवं, ऊबही हवी, आणि वेळ दुपारच्या आसपासची. पहाटे उठून पोचण्याचा उत्साह इथे वाया जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, त्या दिवशी हमखास कुणीतरी उशिरा येतं. ग्रुपवर आठवण टाका.

कासच्या पठारासारखा फुलांचा गालिचा मनात घेऊन जाऊ नका. इथे ग्रीनहूड ऑर्किडचं फूल हिरव्या गवतात हिरवंच असतं, शेजारून चालत गेलात तरी दिसणार नाही. एके जागी उभं राहा, नजर बसू द्या. एक दिसलं की आजूबाजूची दिसायला लागतात. त्याची जीभ, म्हणजे जिभेसारखी पाकळी, फार नाजूक असते, कीटक टेकला की झटक्यात वर उडून त्याला आत कोंडते. बोटाने करून बघायचा मोह आवरा. जांभळं वॅक्सलिप ऑर्किड सगळ्यांना सापडतं, त्यावर खूश होऊन परत फिरू नका. फ्लाइंग डक ऑर्किड हवं असेल तर जरा उशिरा, ऑक्टोबरअखेरीला जा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि गुडघ्याखाली घ्यायला जुन्या योगा मॅटचा तुकडा न्या. मात्र मॅट वाटेवरच टाका. फोटोसाठी वाट सोडून एक पाऊल आत गेलात, तर अजून न उमललेली चार रोपं पायाखाली जातात.

साप वसंतात बाहेर पडतात. लांब पँट, जाड मोजे आणि रुंद प्रेशर बँडेज जवळ हवं, गाडीत नको. चावलाच तर जागा धुऊ नका, पूर्ण हात किंवा पाय घट्ट गुंडाळा, माणसाला चालवू नका, ००० ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करा.

कुत्रा घरी. फुलं तोडायची नाहीत, गुन्हा आहे.

परतताना गाडीत बसायच्या आधी बूट पुन्हा घासा, फवारा. हो, पुन्हा. इथला चिखल पुढच्या जंगलात न्यायचा नाहीये. फोटो खुशाल टाका, पण दुर्मीळ ऑर्किडचं नेमकं ठिकाण टाकू नका, खणून नेणारे लोक आहेत. कचरा, संत्र्याच्या सालींसकट, परत. पेट्रोल जातानाच भरा.