दोन इंटरनेट लाइनी, एक राउटर: भार वाटून देण्याची रीत

नागपुरात मनीषनगर असो की त्रिमूर्तीनगर, रस्त्याचे काम निघाले की कुठेतरी फायबर तुटतेच, त्यामुळे घरून काम करणारे अनेकजण आता दोन कंपन्यांच्या लाइनी घेतात. मात्र दुसरी लाइन घेण्यापूर्वी दोन्ही तारा एकाच खांबावरून येणार आहेत का, हे गच्चीवर जाऊन पाहावे. तसे असेल, तर एकच मोडलेली फांदी दोन्ही लाइनी घेऊन जाईल.

लोड बॅलन्सिंगमध्ये, म्हणजे भार असा वाटून देण्यात, दोन लाइनींच्या वेगांची बेरीज होत नाही. राउटर प्रत्येक नवे कनेक्शन यापैकी एका लाइनीवर सोडतो. म्हणून १०० आणि ५० एमबीपीएसच्या लाइनी असल्या, तरी साध्या डाउनलोडने येणाऱ्या एका मोठ्या फाइलला १५०चा वेग मिळत नाही. फायदा दिसतो तो घरातील चौघे एकाच वेळी वेगवेगळी कामे करत असताना.

यासाठी दोन वॅन पोर्ट (बाहेरून येणारी इंटरनेट लाइन जोडण्याची जागा) चालवू शकणारा राउटर लागतो. टीपी-लिंकचा ईआर६०५ हे काम करतो, परंतु त्यात वायफाय नसल्याने जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारे यंत्र) म्हणून जोडावा लागतो. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांसाठी याच कामाचे एमवॅन३ हे पॅकेज आहे.

जोडणी करताना पहिली अडचण पत्त्यांची येते. दोन्ही कंपन्यांची फायबरची डबी (मोडेम) बहुधा १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरून बसलेली असते, आणि दोन्ही वॅनवर पत्त्यांचा एकच पट्टा आला की राउटर गोंधळतो. एका डबीचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा आणि स्वतःच्या राउटरला १९२.१६८.१०.१ द्यावा, कंपनी ब्रिज मोड (डबी लाइन नुसती पुढे देते, पत्ते राउटरच सांभाळतो) देत असेल, तर उत्तमच. त्यानंतर वेगाच्या प्रमाणात, म्हणजे वरच्या उदाहरणात २:१, असे वेटेज (कोणत्या लाइनीवर किती भार टाकायचा, ते प्रमाण) भरावे.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते लाइन जिवंत आहे की नाही, हे तपासण्याच्या सेटिंगकडे. बाहेर फायबर तुटले की डबीवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकू लागतो, पण डबी आणि राउटर यांच्यामधील केबल शाबूत असल्याने वॅन पोर्टचा हिरवा दिवा तसाच राहतो. केवळ पोर्टकडे पाहणारा राउटर मग मेलेल्या लाइनीवर कनेक्शने टाकत राहतो आणि काही पाने उघडतात, काही उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक वॅनवरून ८.८.८.८ आणि १.१.१.१ या गूगल व क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यांना दर ५ सेकंदांनी पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) जावे, आणि सलग ३ वेळा उत्तर आले नाही तर ती लाइन बाजूला पडावी, असे ठरवून द्यावे.

बँकेच्या संकेतस्थळांसाठी वेगळा नियम हवा. मध्येच आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) बदलला तर काही बँका लॉगिन तोडतात. तेव्हा एचटीटीपीएससाठी (सुरक्षित संकेतस्थळांच्या कनेक्शनांसाठी) स्टिकी, म्हणजे एकदा धरलेली लाइन न सोडणारा, पर्याय चालू करावा किंवा बँकिंगचा लॅपटॉप एकाच लाइनीला बांधून टाकावा.

चाचणीसाठी वॅनची केबल काढू नये, कारण ते राउटरला तसेही कळते. डबीतून हिरव्या टोकाची फायबरची तार अलगद काढावी, टोकाला बोट लावू नये आणि ती लगेच टोपीने झाकावी. चालू व्हिडिओ कॉल एकदा तुटेल. १५-२० सेकंदांनी पुन्हा जोडल्यावर तो दुसऱ्या लाइनीवरून चालला पाहिजे. दोन्ही डब्या आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावेत, आणि उन्हाळ्यात ही मांडणी कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये.