बर्फाच्या तळाचे तीन-चार सेंटीमीटर

ध्रुवीय जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सांगते, बर्फाचा गाभा, म्हणजे समुद्रावरच्या बर्फात वरून खालपर्यंत छिद्र पाडून काढलेला दंडगोल, हातात आला की खालचं टोक बघा. माझ्यासमोर पहिला गाभा आला तेव्हा मी वरचा पांढराशुभ्र भागच न्याहाळत बसले होते. तळाचे तीन-चार सेंटीमीटर तपकिरी दिसत होते, मला वाटलं चिखल लागलाय. ते डायटम होते, म्हणजे एकपेशी सूक्ष्म शैवालं. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकात मावत नाही, अतिखारं पाणी होऊन बारीक नळ्यांमध्ये साठतं. नित्झिया फ्रिजिडासारखी शैवालं त्या नळ्यांत वाढतात, तीही वरच्या उजेडाचा एक टक्कासुद्धा पोचत नसताना.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक नमुना वाया गेला. तळाचा तुकडा मी तसाच वितळू दिला. वितळलेलं पाणी पेशींना सवय असते त्यापेक्षा खूपच कमी खारं असतं, त्यात नाजूक पेशी फुगून फुटतात. सिलिकाचं कवच असलेले डायटम बरेचसे टिकतात, त्यामुळे बर्फात जणू डायटमच होते असं खोटं चित्र उभं राहतं. नमुना बिघडलाय हे दिसतच नाही, म्हणून ही चूक फार वाईट. तुकड्यावर आधी गाळलेलं समुद्राचं पाणी घाला, अंधारात, थंड जागी सावकाश वितळू द्या, आणि किती पाणी घातलं ते लगेच वहीत टिपा. ते माप हुकलं तर क्लोरोफिलचा, म्हणजे ज्यावरून शैवाल मोजतात त्या हिरव्या रंगद्रव्याचा, आकडा कशाने भागायचा तेच कळत नाही.

शैवाल मोजून झालं की ते कोण खातं हा प्रश्न येतो, आणि माझा जीव खरा तिथे अडकला. कॅलॅनस ग्लेशियालिस हा काही मिलिमीटरचा कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारा चिमुकला कवचधारी प्राणी. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पारदर्शक अंगात तेलाची लांबट पिशवी चमकते, शरीराच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग चरबीच असू शकतो. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या राइपफियोर्ड या खाडीत २००७ साली याचं गणित नीट उलगडलं. एप्रिलअखेर बर्फातलं शैवाल बहरतं, ते खाऊन माद्या अंडी घालतात. सुमारे दोन महिन्यांनी मोकळ्या पाण्यातलं शैवाल बहरतं, तेव्हा पिल्लं नेमकी खाण्याच्या वयात आलेली असतात. बर्फ लवकर फुटला की हे दोन बहर जवळ येतात, आणि आईचं जेवण वेळेवर मिळालं तरी पिल्लांचं हुकू शकतं. म्हणून नुसतं ‘किती शैवाल’ विचारू नका, ‘कधी’ हे आधी विचारा.

दक्षिणेकडचा, अंटार्क्टिकाचा हिशेब वेगळा. तिथे क्रिलची, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या प्राण्याची, पिल्लं हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शैवाल खरवडून खातात, कारण त्या काळात पाण्यात खायला फारसं काही नसतं. शिवाय जड हिमाच्या भाराने बर्फ दबून समुद्राचं पाणी वर येतं, तेव्हा शैवाल वरच्या थरातही सापडतं. तिथे फक्त तळ तपासून भागत नाही.

प्रत्यक्ष बर्फावर जायची संधी थोड्यांनाच मिळते, त्यासाठी अडून राहू नका. मेदाम्लांचं, म्हणजे चरबीच्या घटकांचं, पृथक्करण शिका. कोपेपॉडच्या चरबीत डायटमच्या खुणा उतरतात, आणि आर्क्टिकच्या बर्फातले काही डायटम आयपी-२५ नावाचं संयुग बनवतात. ते प्राण्याच्या अंगात सापडलं की त्या अन्नाचा माग थेट बर्फापर्यंत लागतो. मी हे दुसऱ्या वर्षी शिकले, तुम्ही पहिल्या सत्रातच हात घाला.