गव्हाचं मिश्र बियाणं पेरण्याआधी तांबेऱ्याचा विचार करा

बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीसाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चांगला. दोन-तीन वाणांची सरमिसळ झालेलं घरचं बी वर्षानुवर्षं तसंच पेरत असाल, तर यंदा ते पाभरीत ओतण्याआधी थोडा विचार करा.

मिश्र पेरणीत वाईट काही नाही. लोक-1 सारख्या तांबेऱ्याला (पानांवरच्या बुरशीच्या रोगाला) बळी पडणाऱ्या वाणाभोवती प्रतिकारक वाणाची झाडं असली, की बरेच बीजाणू त्यांच्यावर पडून वाया जातात आणि रोग सावकाश पसरतो. अमेरिकेतल्या ओरेगन भागात पिवळ्या तांबेऱ्यामुळे शेतकरी मुद्दाम अशी मिश्रणं पेरतात.

पण एका ओळीतली ही झाडं ऊन, पाणी आणि नत्रासाठी एकमेकांशी चढाओढ करतात. रोग लवकर आला, तर आजारी झाड मागे पडतं आणि शेजारचं निरोगी झाड जास्त फुटवे (बुडातून फुटणाऱ्या काड्या) धरून ती जागा भरतं. आपल्याकडे तांबेरा बऱ्याचदा जानेवारीच्या सुमारास जोर धरतो. तोवर फुटवे येण्याचा काळ सरलेला असतो, त्यामुळे निरोगी झाडाचा दाणा फार तर थोडा टपोरा होतो. तेवढ्याने घट भरून निघत नाही.

तांबेरा आलाच नाही, तर वेगळंच घडतं. उंच, भरपूर फुटव्यांचा वाण दुसऱ्याला दाबतो, मग तो रोगाला कितीही नाजूक असो. निम्मं-निम्मं मिसळलेलं बी म्हणूनच दोन-तीन हंगामांत निम्मं-निम्मं राहत नाही. एखाद्या वर्षी त्यात नाजूक वाणच जास्त होऊन बसतो, आणि नेमका त्याच वर्षी तांबेरा आला तर शेत हातचं जातं. मला खरी भीती याचीच वाटते.

मिश्रण करायचंच असेल, तर प्रत्येक वाणाचं प्रमाणित बियाणं वेगळं आणा आणि दरवर्षी नव्याने मिसळा. उंची आणि पक्वतेचा काळ जुळणारेच वाण घ्या. तपोवन, त्र्यंबक हे निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे सरबती (पोळीच्या गव्हाचे) वाण विचारात घेता येतील. बन्सी (रवा-शेवयांचा गहू) आणि सरबती मात्र एकत्र करू नका, बाजारात भाव पडतो. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये मिश्रण अजिबात नको.

नत्र हेक्टरी 120 किलोच्या वर नेऊ नका. जास्त नत्राने पीक दाटतं, तांबेऱ्याला पोषक ओल टिकते आणि जोमदार वाण आणखी माजतो. डिसेंबर अखेरपासून आठवड्यातून एकदा पानं तपासा. नारिंगी पुटकुळ्या दिसताच प्रोपिकोनॅझोल 25 ईसी, 10 लिटर पाण्यात 10 मिली, फवारा. मिश्रणातली काही झाडं निरोगी दिसली, तरी फवारणी लांबवू नका.