गरज सरो, पंटर मरो! व्हिलनच्या हातून त्याचीच माणसं मारताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या कथामालिकेत अकराव्या भागाच्या शेवटी भाईने स्वतःच्याच ड्रायव्हरला गोळी घातली होती. कारण? काही नाही, भागाचा शेवट जरा थंड वाटत होता. मग सोळाव्या भागात भाईला रातोरात पळून जायचं होतं आणि गाडी चालवायला माणूसच नाही, कारण भाईला स्वतःला गाडी येत नाही हे मीच चौथ्या भागात लिहून ठेवलेलं, त्यावर दोन विनोदही केलेले. एका काकूंचा मेसेज आला, "मग आता भाई रिक्षाने जाणार का?"

तेव्हापासून मी ही एकच गोष्ट बघत आलोय, स्वतःच्या कथांत आणि मित्रमैत्रिणी वाचायला देतात त्या कथांत पण. व्हिलन आपल्या माणसाला मारतो तेव्हा लेखकाला वाटतं हे फुकट आहे. एक बिननावाचा पंटर गेला, व्हिलन किती खुनशी ते कळलं, चला पुढे. पण फुकट काही नसतं हो. त्या माणसाला काही कामं येत होती, काही गोष्टी माहीत होत्या, त्याचे कोणी मित्र होते, आणि तो मरताना आजूबाजूला कोणीतरी उभं होतं. याचा हिशोब कुठेतरी लागायलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: तोंड बंद करायला मारला, पण वीस जणांसमोर

ही इतक्या वेळा वाचलीये की आता हसूही येत नाही. पंटरला तिजोरीचं गुपित कळलंय म्हणून बॉस त्याला उडवतो आणि कुठे, तर गोडाऊनमध्ये सगळ्या गँगला गोल उभं करून, गुपित नीट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून. अरे मग आता त्या वीस जणांचं काय करणार?

आपल्याच माणसाला मारायचे मुळात दोन वेगळे प्रकार असतात. एक म्हणजे तोंड बंद करणं, ते एकांतात होतं, आणि जमलं तर अपघात किंवा आत्महत्या वाटेल असं होतं. दुसरं म्हणजे बाकीच्यांना दाखवणं, त्याला प्रेक्षक लागतातच. लिहायच्या आधी ठरवा आपला खून यातला कुठला आहे. दोन्ही एकात कोंबलेत की सीन फसलाच समजा.

दाखवण्यासाठीच्या खुनाचा आपल्याकडचा नमुना म्हणजे १९७५ च्या शोलेमधला गब्बर. तो सीन आपण इतक्या वेळा बघितलाय की त्यातली बांधणी दिसेनाशी झालीये. रामगढला धान्य आणायला गेलेली तीन माणसं दोघांकडून मार खाऊन रिकामी परत येतात. गब्बर लगेच गोळी घालत नाही, आधी सांभाला विचारतो सरकारने माझ्या डोक्यावर किती इनाम लावलंय. ५० हजार. मग सांगतो की कोसन् कोस लांबच्या गावात आया पोरांना माझं नाव सांगून झोपवतात आणि या तिघांनी ते नाव मातीत घातलं. म्हणजे बघा, त्याचा सगळा धंदा भीतीवर चालतो, एका गावाची भीती गेली की बाकीची गावंही धान्य द्यायची थांबणार, हा हिशोब गोळी सुटायच्या आधी मांडून झालाय. मग ते रिव्हॉल्व्हर, सहातल्या तीन गोळ्या हवेत, चक्र फिरवणं, तिघांच्या वेळी रिकामा खटका, सगळा अड्डा हसायला लागतो आणि आपणही सुटकेचा श्वास टाकतो, आणि नेमकं तेव्हा तिघं जातात. बाकीचे डाकू उभे राहून बघतायत, ते सगळं त्यांच्यासाठीच चाललंय.

आणि कालिया! विजू खोटेंना तिथे मिनिटं किती मिळाली असतील, पण खाल्ल्या मिठाची आठवण करून देणारं ते एक वाक्य मिळालं आणि पन्नास वर्षं लोकांना नाव पाठ आहे. तुमच्या पंटरलाही तेवढं तरी द्या, एखादं वाक्य, एखादी सवय, नाहीतर तो मेला काय आणि गावी गेला काय.

काम व्हायच्या आधीच मारणं

गरज सरो आणि वैद्य मरो, यात आधी गरज सरावी लागते. हे लहान मुलालाही कळतं पण रात्री दीड वाजता भाग संपवताना लेखकाला कळत नाही, अनुभवाने सांगतोय. जमलेलं बघायचं असेल तर २००८ च्या द डार्क नाइटमधला सुरुवातीचा बँक दरोडा बघा. अलार्म बंद करणारा मरतो तो अलार्म बंद झाल्यावर. तिजोरी फोडणारा मरतो तो तिजोरी उघडल्यावर. आणि मारणाऱ्याला वाटतंय आपला वाटा वाढला, म्हणजे कारणही त्याच्या खिशातलंच आहे. पुढचा नंबर आपलाय हे एकेकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग तुमच्या कथेत काय करायचं, तर सोपंय. कागदावर पंटरचं नाव लिहा आणि त्याच्यापुढे इथून शेवटपर्यंत त्याच्यावाचून कोणती कामं अडतील ते लिहा. एकही काम सापडलं तर तो आज मरत नाही.

प्रत्येक चुकीला मरणच

पहिला मेला की धसका बसतो, चौथा मेला की वाचक पान उलटतो. आणि मग साधा प्रश्न येतो, या माणसाकडे नोकरीला जातंच कोण? १९८० च्या स्टार वॉर्समध्ये व्हिलन डार्थ व्हेडर हे फार हुशारीने करतो. आधी अॅडमिरल ओझेल गळा आवळून मरतो, आणि तो मरत असतानाच तिथल्या तिथे त्याच्या हाताखालच्या पिएटला बढती मिळते (काय ते प्रमोशन!). मग कॅप्टन नीडा माफी मागायला जातो आणि तोही जातो. शेवटी पिएटच्या हातून शिकार निसटते, आपण श्वास रोखतो, आणि व्हेडर काही न बोलता निघून जातो. आधीचे दोन मेले म्हणून हे तिसऱ्याचं वाचणं अंगावर येतं. म्हणून दोन मारून झाले असतील तर तिसऱ्याला सोडून बघा.

पंटर बिनडोक नसतो

ज्याने मालकाला तीन माणसं मारताना बघितलंय तो चौथा असेल तर स्वतःची सोय करून ठेवणारच ना. रेकॉर्डिंग ठेवेल, अर्धे पैसे आधी मागेल, बायकोला माहेरी पाठवेल. आणि कधीकधी तर मारेकरीच मालकाच्या मानेवर बसतात. आपल्याच इतिहासात बघा, ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला तो थकलेल्या पगाराचं निमित्त करून आत घुसलेल्या गारद्यांकडून. आता खून झाल्यावर राघोबाने गारद्यांच्या म्होरक्याला, सुमेरसिंगाला म्हणायचं की तुझं काम संपलं? वाडा गारद्यांच्या ताब्यात, हत्यारं त्यांच्या हातात. या जागी कादंबरीतला व्हिलन टाकून बघा, तुमची अर्धी मालिका तिथेच उभी राहते.

डायलॉग

"आता तुझी गरज नाही" हे वाक्य कृपया नको. त्यामागचं हाहाहा तर नकोच नको. ब्रेकिंग बॅडच्या २०११ च्या सीझनमध्ये ड्रग्जच्या धंद्याचा मालक गस प्रयोगशाळेत येतो, शांतपणे कपडे बदलतो, आपल्याच माणसाचा, व्हिक्टरचा गळा चिरतो, हात धुऊन पुन्हा कपडे घालतो आणि जाताना बघणाऱ्या दोघांना फक्त कामाला लागा म्हणतो. बाकी सगळा वेळ त्या दोघांतला वॉल्ट बडबडतोय आणि गस गप्प, त्यातच बघणाऱ्याचा जीव जातो.

आधीच लिहून बसलात तर?

भाग प्रसिद्ध झालाय, पंटर मेलाय, आणि आता लक्षात आलं की घोळ झालाय. पहिला मोह होतो की तो जिवंत होता, गोळी खांद्याला लागली होती वगैरे. नका करू, एकदा केलंत की पुढच्या कुठल्याच मरणावर वाचक विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा त्याचा मित्र शोधा. १९९८ च्या सत्यामध्ये निवडणूक जिंकल्यावर भाऊ ठाकूरदास भिकू म्हात्रेला उडवतो, भाऊच्या बाजूने हिशोब चोख, फक्त सत्या नावाचा माणूस त्यात धरलेला नाही, आणि तोच मग विसर्जनाच्या गर्दीत भाऊपर्यंत पोचतो. तुमच्या मेलेल्या पंटरलाही कोणीतरी असेल. भाऊ, रूममेट, उधारी थकलेला पानवाला, कोणीही चालेल. किंवा मेलेल्याचा फोन शोधा, तो अजून कुठेतरी वाजत असेल.

मी माझ्यापुरतं काय केलं, तर काकूंचं ऐकलं. भाईने रिक्षाच केली. रात्री दोनला ठाणे स्टेशनबाहेर, हातात पैशांची बॅग, आणि रिक्षावाला म्हणतोय तिकडे नाय जाणार. बंदूक काढावी तर समोर पोलीस चौकी. भाई दहा मिनिटं फुटपाथवर उभा राहून त्या ड्रायव्हरला शिव्या घालत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याला आपणच मारलाय.