कोलोनोस्कोपीचा दर्जा मोजताना आधी छेद तपासा

कोलोनोस्कोपीचा, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून बघण्याचा, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तर आतड्यात खरंच काही नव्हतं की बघणाऱ्याच्या नजरेतून सुटलं, हे त्या एका कागदावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक डॉक्टरचे आकडे ठेवावे लागतात. ते बहुतेकदा छेदातच, म्हणजे भागाकारातल्या खालच्या आकड्यातच, बिघडतात.

मुख्य आकडा अ‍ॅडिनोमा (पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ; त्यातला पुढे कॅन्सर होऊ शकणारा प्रकार) सापडण्याचा दर. किमान एक अ‍ॅडिनोमा निघालेले रुग्ण भागिले तपासलेले एकूण रुग्ण. पॉलिप नव्हे, रुग्ण मोजा. आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्याशिवाय मोजू नका. तो काही दिवसांनी येतो, म्हणून स्कोपीच्या नोंदवहीत त्याचा रकाना ठेवा आणि तो भरायचं काम एका माणसाच्या नावावर करा. २०१४च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात हा दर १ टक्क्याने वाढला की पुढे कॅन्सर निघण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी घटलेला दिसला.

२०२४चे अमेरिकी निकष: हा दर पंचेचाळिशीपुढच्यांत किमान ३५ टक्के, शौचातल्या रक्ताची फिट चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर ५०. हे दोन गट एकत्र केले की आकडा विनाकारण फुगतो. उलट मुंबईतल्या यादीत रक्त पडतं म्हणून आलेले तिशीतले रुग्ण भरपूर; ते छेदात राहिले तर चांगला डॉक्टरही कमी दिसतो. शिवाय १०० स्कोपींवर २५ टक्के आले, तर खरा दर १७ ते ३४ मध्ये कुठेही असू शकतो. तेवढ्यावर कुणाला बोल लावू नका.

सिकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोचण्याचं प्रमाण ९५ टक्के हवं. पुरावा म्हणून अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो. त्याच फोटोच्या वेळेपासून स्कोप बाहेर काढण्याची वेळ मोजा: सरासरी ८ मिनिटं, पण बायोप्सी किंवा पॉलिप न काढलेल्या तपासण्यांतच.

आतड्याच्या सफाईला बोस्टन गुण द्या: तीन भाग, प्रत्येकी ० ते ३, प्रत्येकात किमान २. गुण धुऊन-शोषून झाल्यावरचे. आधीचे देणं ही नेहमीची चूक. पोट साफ करण्याच्या औषधाचा दुसरा डोस तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू व्हायला हवा. बदलापूर-विरारच्या माणसाला सकाळी आठची वेळ दिलीत, तर लोकलच्या धास्तीने तो सगळं औषध रात्रीच पिऊन टाकतो आणि उजवं आतडं चिकट राहतं. लांबच्यांना दुपारची वेळ द्या.

पॉलिप काढल्यावर रक्तस्राव दोन आठवड्यांनीही होतो. म्हणून तिसाव्या दिवशी फोन करा. नाहीतर रुग्ण गावाकडच्या दवाखान्यात दाखल आणि तुमच्या वहीत गुंतागुंत शून्य.