ऊन पाहून आखलेली स्कीची सुट्टी : आल्प द्युएझ

फ्रान्सच्या आल्प्समधलं आल्प द्युएझ हे गाव १८६० मीटर उंचीवर, दक्षिणेकडे तोंड करून बसलं आहे. ‘उन्हाचं बेट’ ही त्याची जाहिरात. लोक जातात ते या उन्हासाठीच, आणि बऱ्याचशा तक्रारीही याच उन्हाच्या असतात : सकाळी उतार काचेसारखा, दुपारी नुसता लगदा. म्हणून खोली शोधायला बसण्याआधी ऊन कुठे आणि केव्हा पडतं ते समजून घ्या. तारखा, मुक्काम, दिवसाचा क्रम, बॅगेतलं सामान, सगळं त्यावरून ठरतं.

तारखा

हे गाव साधारण ४५ अंश अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१-२२ अंश वर येतो, २० मार्चला मात्र ४५ अंश. उतार दक्षिणेकडे २० अंश कललेला असेल, तर मार्चमधलं ऊन बर्फावर ६५ अंशांनी उतरतं. त्यामुळे जानेवारीत दिवसभर कोरडा राहणारा बर्फ मार्चमध्ये जेवणाच्या वेळेपर्यंत पाणावतो.

जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बर्फासाठी उत्तम, गर्दीही कमी. पण दिवस लहान आणि थंडी कडक. मार्चचा मध्य उजेडासाठी उत्तम. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समधल्या शाळांना तीन विभागांत आळीपाळीने सुट्ट्या असतात. उतारांच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगा आणि खोल्यांचे दर दोन्ही तेव्हाच चढतात. त्या वर्षीच्या विभागवार तारखा पाहून ते आठवडे वगळा.

पहिल्यांदाच शिकणाऱ्यांनी एप्रिल टाळावा. नवशिक्यांचे हिरवे (म्हणजे सगळ्यात सोप्या श्रेणीचे) उतार गावाच्या अगदी डोक्यावर आहेत. म्हणजे इथल्या उतारांपैकी बऱ्यापैकी खालचे, आणि भर उन्हातले. मुरलेला स्कीअर २७०० मीटरच्या वर जाऊन एप्रिलमध्येही मजा करतो. नवशिक्याला वर पळायची सोयच नसते.

पोचणं आणि राहणं

ग्रनोबल शहराहून बस येते. गाडीने यायचं तर बूर द्वाझाँ या खालच्या गावापासून सुमारे १४ किलोमीटरचा घाट आणि २१ वळणं. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या भागात गाडीला हिवाळी टायर हवेत, किंवा डिकीत बर्फाच्या साखळ्या तरी. भाड्याच्या गाडीत हे आपोआप मिळेल असं धरून चालू नका, बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा. साखळी कशी चढवायची याची तालीम सपाट, कोरड्या जागी एकदा करून ठेवा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी पहिला प्रयत्न नको. आठवड्याचे मुक्काम बहुतेक शनिवार ते शनिवार असल्यामुळे शनिवारी दुपारी हा घाट तुंबतो.

गाव स्वतःच उतारावर आहे, म्हणून ‘लिफ्टपासून ३०० मीटर’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. ते ३०० मीटर चढाचे असतील, तर स्कीचे बूट घालून ते पार करताना दम निघतो. लहान मुलं असतील तर वरच्या अंगाचा बेर्जे भाग सोयीचा, स्कीची शाळा आणि लिफ्ट जवळ पडतात. खालचा जुना भाग सहसा स्वस्त पडतो, पण रोजची चढ-उतार मोजूनच निर्णय घ्या.

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अशा कित्येक पॉलिसींतून हिवाळी खेळ वगळलेले असतात, ते कलम शोधून वाचा. फ्रान्समध्ये उतारावरून स्ट्रेचरने खाली आणण्याचेही पैसे आकारतात, हेलिकॉप्टरची तर बातच सोडा. लिफ्ट-पाससोबत दिवसाला काही युरोंत मिळणारा बचावाचा विमा घ्या. यात काटकसर नको.

काटकसर पासात करा. नवशिक्याला पहिले दोन-तीन दिवस संपूर्ण क्षेत्राचा पास लागतच नाही, खालच्या मोजक्या लिफ्टचा पास पुरतो.

बूट

स्की चुकली तर दिवस बिघडतो. बूट चुकला तर आठवडा. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच टेकवून पाऊल मोजा, दोन्ही पायांचं. एकच पातळ, लांब मोजा घाला. दोन मोजे घातले की घडी पडून फोड येतात आणि रक्त दबून पाय उलट जास्त गार पडतो. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जरा टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. ताठ उभं असतानाही बोटं मोकळी खेळत असतील तर बूट मोठा आहे. ‘आरामशीर वाटतो’ म्हणून मोठा बूट घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मग टाच उचलली जाते, आवळत गेलं की नडगी दुखते, आणि स्की वळतच नाही.

स्की सुरुवातीला हनुवटीपर्यंत येईल एवढी लांब असावी. दुकानदाराला वजन खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा हे बाइंडिंगच्या (बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून लावतात. लाजेखातर पाच किलो कमी सांगितले तर स्की भलत्या वेळी सुटते. कौशल्य फुगवून सांगितलं तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, आणि गुडघा जातो.

मार्चपासून दुकानात स्कीच्या तळाला ‘ओल्या बर्फाचं मेण’ लावून मागा. थंड बर्फासाठीच्या मेणावर ओला बर्फ अक्षरशः चोखून धरतो, आणि चालती स्की अचानक थांबली की माणूस नाकावर.

दिवसाचा क्रम

निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. सकाळी नऊला दक्षिणेचा उतार टणक लागतो तो यामुळे. साडेदहा-अकराच्या सुमारास वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर दाणेदार, मऊ होतो. वसंतातल्या स्कीची खरी मजा या दोन तासांत आहे. दोनच्या पुढे घोटाभर लगदा. रात्र ढगाळ गेली तर गोठणंच होत नाही, सकाळपासूनच बर्फ कुजका लागतो. त्या दिवशी आखलेल्या उतारांबाहेर पाऊल टाकू नका, ओले हिमप्रपात अशाच दिवशी सुटतात. हिमप्रपाताच्या धोक्याचा १ ते ५ आकडा रोज जाहीर होतो. तो बघितल्याशिवाय निघू नये.

म्हणून मार्चमध्ये नवशिक्यांनी नऊऐवजी दहाचा वर्ग घ्यावा. मुरलेले असाल तर दुपारी सिन्याल द लॉम या डोंगराच्या उत्तरेकडच्या, सावलीतल्या उतारांकडे सरका. ढग उतरले, हिमवर्षाव सुरू झाला आणि वर सगळं पांढरंफटक दिसायला लागलं, तर ओझ आणि व्होजानी या शेजारच्या गावांच्या बाजूला खाली झाडं आहेत. झाडांमुळे उतार डोळ्यांना कळतो.

सारेन हा १६ किलोमीटरचा काळा (म्हणजे सगळ्यात अवघड श्रेणीचा) उतार ३३३० मीटरवरच्या पिक ब्लाँहून सुटतो. नवखे लोक त्याच्या वरच्या तीव्र भागाला घाबरतात. त्रास खरा खालच्या घळीत होतो. तिथे जमीन जवळजवळ सपाट आहे, आणि दुपारच्या चिकट बर्फात वेग मेला की काठ्यांनी ढकलत बसावं लागतं. सकाळीच उतरा. शिवाय इतक्या उंचीवर पहिल्याच दिवशी गेलात तर डोकं दुखण्याची शक्यता असते, त्यामुळे तिसऱ्या दिवसानंतरच.

शेवटची फेरी चारला, थकलेल्या पायांनी, लगद्याच्या ढिगांतून गावापर्यंत करायची हौस आवरा. गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या लिफ्टने, खाली या.

उन्हाचं सामान

दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. ऊन खालूनही लागतं. म्हणून एसपीएफ ५० चं क्रीम हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि कानांमागेही लावा, दर दोन तासांनी. ओठांसाठी वेगळं. गॉगलची काच उन्हात श्रेणी ३ ची, ढगाळ दिवशी श्रेणी १ ची (आकडा मोठा तशी काच गडद). एकच घ्यायचा तर अदलाबदल होणाऱ्या काचांचा. गडद काचेतून ढगाळ उजेडात खड्डा-उंचवटा दिसतच नाही. श्रेणी ४ ची काच घालून परतीची गाडी चालवू नका, ती त्यासाठी नसते.

कपडे पातळ पातळ थरांत. दुपारी चेअरलिफ्टवर जाकिटाची चेन उघडाल, पण ऊन डोंगराआड गेलं की पाच मिनिटांत लगद्यातल्या चाकोऱ्या गोठायला लागतात आणि घामेजलेला सदरा पाठीला चिकटून गार पडतो. म्हणून सुती काहीही आत घालू नका, आणि एक कोरडा, पातळ लोकरी सदरा छोट्या सॅकमध्ये ठेवा.